आधी रस्ता, मग ताकद

जुन्या गाड्यांची इंजिनं नव्यानं बांधणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी लोकांचं एक लाडकं इंजिन आहे : शेव्हरोलेचं ‘बिग ब्लॉक’. १९७० साली शेव्हेल गाडीत ते ४५४ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचं आलं. त्याच्या सर्वांत जोरदार प्रकाराची ताकद कंपनीनं सांगितली ४५० हॉर्सपॉवर.

आज त्यातून याहून अधिक ताकद काढता येते. पण ती वापरायची कुठे? एकच गाडी रस्त्यावरही हवी आणि शर्यतीच्या ट्रॅकवरही, तर दोघांच्या मागण्या उलट्या. ट्रॅकसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला, की सिग्नलला उभी गाडी थरथरते, बंद पडू पाहते. कॉम्प्रेशन फार वाढवलं, तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करतं. पिस्टनही फुटू शकतात. ट्रॅकच्या लांब वळणावर इंजिनाच्या तळातलं तेल एका बाजूला सरकतं, ऑइल पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं जळतात. ते तेल अडवायला तळाच्या भांड्यात आडपडदे लागतात.

गझलेतला एकेक शेर सुटा उभा राहू शकतो. इंजिनातला एकही भाग नाही. म्हणून शहाणा माणूस आधी कागदावर मांडतो : रस्ता किती, ट्रॅक किती, पेट्रोल कुठलं, गिअर कुठले. मग एकमेकांना साजेसे भाग निवडतो आणि ब्रेकसाठी पैसे आधीच बाजूला काढतो. ट्रॅकवर चुकलं तर बहुधा आपलंच इंजिन जातं. रस्त्यावर मात्र समोर कुणाचं तरी मूल असतं.