जास्वंदीचं सरबत आणि बाईंचा तराजू

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



मला स्टेजवर बोलायची सवय नाही. शाळेत असताना मी फक्त 'वंदे मातरम्'ला पुढे असायचे, तेही मुलींच्या घोळक्यात. पण मघाशी जेवताना तुम्ही सगळ्यांनी ते लाल सरबत कुठून आणलं म्हणून विचारलंत, तेव्हा संयोजक म्हणाले, आता तूच सांग. म्हणून उभी राहिले.

ते सरबत जास्वंदीचं आहे आणि मी घरी केलेलं आहे.

आठवतंय का, नववीत बाईंनी जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस काढायला लावला होता? लिंबू पिळलं की लालभडक, खायचा सोडा टाकला की हिरवा. आपण सगळे जादू बघितल्यासारखे ओरडलो होतो. त्याच आठवड्यात बाईंनी बटाट्याच्या फोडी मिठाच्या दाट पाण्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडून वाकत होत्या. बाई म्हणाल्या, मिठाने आतलं पाणी ओढून घेतलं. मीठ तराजूवर तोलून घ्यायला लावलं होतं. मी चिमटीने टाकायला गेले तर म्हणाल्या, "अंदाज स्वयंपाकघरात चालतो, प्रयोगात नाही." मला विज्ञानात 38 गुण पडले. त्यामुळे हे सगळं विसरले म्हटलं तरी चालेल.

लग्न होऊन मी लांज्याकडच्या एका गावात गेले. 2008 साली आमचे यजमान माडावरून पडले. कमरेचं हाड मोडलं. दोन वर्षं घरात पैसा येईना. दारात होतं काय, तर जास्वंदीचं कुंपण. कोकम आणि कैरीचं सरबत आमच्याकडे घरोघर करतात, ते विकत कोण घेणार? म्हणून मी जास्वंद धरली. दुकानात बाटल्या ठेवल्या, मुंबईची माणसं मे महिन्यात घेऊन जायची.

मग एका लग्नघराने 30 बाटल्या सांगितल्या, आगाऊ पैसेही दिले. ते म्हणाले, जरा कमी गोड करा. साखर वाचतेय म्हणून मलाही बरंच वाटलं. मी अंदाजाने निम्मीच घातली. आठव्या रात्री खाटेखाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. एका बाटलीचं झाकण उडालं होतं. बाकीच्या उघडल्या तर फेस आणि आंबूस वास. सगळं सरबत माडाच्या बुंध्याशी ओतलं. आगाऊ पैसे तर औषधाला गेलेले. लग्न तीन दिवसांवर. जाऊन सांगावं लागलं. ते रागावले, आणि त्यांचं बरोबरच होतं. पावसाळाभर थोडे थोडे करून पैसे फेडले.

त्या रात्री माडाशी बसले होते तेव्हा बटाट्याच्या फोडी आठवल्या. साखर दाट असली की ती आंबवणाऱ्या जंतूंचंही पाणी असंच ओढून घेते, ते वाढूच शकत नाहीत. पातळ पाकात ते सुखाने नांदतात. सरबतातली साखर नुसती गोडीसाठी नसते, ती राखणीला असते. तेवढं कळायला मला नववीपासून बावीस वर्षांहून जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी भावाकडून वजनकाटा मागून आणला. आता कृती सांगते, लिहून घ्यायचं तर घ्या.

लाल, पाच पाकळ्यांची साधी जास्वंद घ्यायची, 25 ते 30 फुलं. मुंग्या झटकून, हिरवा देठ आणि मधला तुरा काढून टाकायचा. अर्ध्या लिटरहून जरा जास्त पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि मग पाकळ्या टाकायच्या. पाकळ्या उकळल्या की पाणी बुळबुळीत होतं. पंधरा-वीस मिनिटांत पाकळ्या फिक्या पडतात, पाणी जांभळं होतं. गाळून मोजायचं. अर्धा लिटर पाण्याला 1 किलो साखर, तोलून. साखर विरघळून एक उकळी आली की उतरवायचं. एकतारी होऊ दिलं तर बाटलीत खडीसाखर बसते. गार झाल्यावर दोन-तीन लिंबं पिळायची. रंग डोळ्यांदेखत उजळतो, नववीतल्यासारखाच. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या ठणठणीत हव्यात. कमी गोड हवं असेल तर पेल्यात पाणी जास्त घाला, बाटलीत साखर कमी करू नका.

गावठी गुलाबाचं आणि गोकर्णाचंही याच मापाने होतं. पण फूल आपल्या किंवा ओळखीच्या परसातलंच घ्या. बाजारातल्या फुलांवर फवारणी असते. आणि ओळख पटल्याशिवाय कुठलंच फूल पातेल्यात टाकू नका. कण्हेरही दिसायला गोजिरवाणीच असते, पण ती विषारी. गरोदर बाईला मी जास्वंदीचं सरबत देत नाही.

आमचे यजमान आता काठी घेऊन हिंडतात, बाटल्यांना चिठ्ठ्या तेच चिकटवतात. तारखेशिवाय एकही बाटली घराबाहेर जात नाही.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून एक सांगायचं धाडस करते. तुमचं सगळं बरोबर होतं, एवढं एक चुकलं. अंदाज स्वयंपाकघरातही चालत नाही.

तुमच्यासाठी एक बाटली वेगळी ठेवली आहे. त्यातली साखर मी दोनदा तोलली आहे.