किल्ल्यापलीकडचे मालवण

बेळगाव-निपाणीची मंडळी आंबोली घाट उतरून मालवणास जातात, होडीने कुरटे बेट गाठतात, १६६४ साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी पाहून परततात. ज्या श्रमांवर हा मुलूख उभा आहे, ते मात्र नजरेआड राहतात. सड्यावरच्या खाणीत मऊ असणारा जांभा वारा लागताच कठीण होतो. त्याच्याच चिऱ्यांची इथली घरे. किनाऱ्यावरची रापण तर सामाईक संसारच! अनेकांनी मिळून जाळे ओढायचे, मासळीचे वाटे घालायचे. पर्ससीन जाळ्यांनी तिचा घास हिरावला. शासनाने २०१६ साली त्यांवर निर्बंध घातले. तंटा मिटला नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे. रापणकर अजून मासळीची वाट पाहतो.