सोडतीचे घर आणि आपला शेजार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अल्प उत्पन्न गटाची सरकारी घरे या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. ३६ वर्षे मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यापलीकडे आमच्या हातून विशेष काही घडलेले नाही. परंतु बोईसरच्या चाळीत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत आम्ही संसार केला आहे, घरासाठी चार वेळा अर्ज करून चारही वेळा रिकाम्या हाताने परतलो आहो, आणि आता आमच्या धाकट्या चिरंजिवांस सोडतीत मिळालेल्या घरात राहात आहो. एवढ्या अनुभवाच्या बळावरच हे धाडस करीत आहो.

गरिबाच्या निवाऱ्याची चिंता सरकारने वाहावी ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा कोंदट वस्त्यांचे भय वाटून १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले, १९५४ मध्ये केंद्र सरकारने अल्प उत्पन्न गटाची योजना काढली, आणि १९७७ मध्ये आज ज्यास आपण 'म्हाडा' म्हणतो ते प्राधिकरण अस्तित्वात आले. आपला पालघर जिल्हा त्याच्या कोकण मंडळाकडे येतो.

आपल्या या भागाची गोष्ट थोडी निराळी आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या कर्मचाऱ्यांस वसाहत मिळाली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, शेकडो कारखाने आले, हजारो हात लागले. परंतु त्या हातांनी रात्री कोठे निजावे याचा विचार कोणी केला नाही. तो विचार चाळमालकांनी केला. एकेका खोलीत पाळीपाळीने चार-चार कामगार राहात. दिवसपाळीचा उठे त्याच अंथरुणावर रातपाळीचा आडवा होई. त्याच केंद्राच्या ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. ज्यांचे पिढीजात घर होते त्यांस सरकारी वसाहतीत जावे लागले, आणि ज्यांस घर हवे होते ते चाळीतच राहिले.

आता अर्जाविषयी. पुष्कळांची समजूत अशी की सोडत म्हणजे केवळ नशीब. ही समजूत अर्धीच खरी आहे. आकडा नशिबाचा खरा, परंतु कागद आपले असतात. २०२३ पासून म्हाडाच्या सोडतीत कागदपत्रांची तपासणी सोडतीच्या आधीच होते. आधारपत्र, पॅनपत्र, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा यांत खोट निघाली, तर अर्ज सोडतीपर्यंत पोहोचतच नाही. उत्पन्न अर्जदाराचे व त्याच्या पत्नीचे किंवा पतीचे धरतात. आईबापांचे धरीत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे बापाच्या निवृत्तिवेतनास भिऊन अर्ज न करणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. घर न लागल्यास अनामत रक्कम परत मिळते. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' असे म्हणणाऱ्यास चहा पाजावा, पैसे देऊ नयेत.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हांस जड जाते, परंतु सांगितल्यावाचून राहावत नाही. चार वर्षांमागे आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. कारखान्यात वीस वर्षे नोकरी, चाळीत बिऱ्हाड, दोन मुली. घरासाठी अर्ज करावयाचा म्हणून तो अधिवासाचा दाखला काढावयास गेला, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव व आधारपत्रावरील नाव जुळेना. दाखल्यावर घरात लाडाने मारतात त्या हाकेचे नाव होते. त्याने दाखल्याची नक्कल आमच्यापुढे ठेवली व हळूच विचारले, "गुरुजी, हे अक्षर तुमचंच ना?"

अक्षर आमचेच होते. जून महिन्यात पटावर नावे घालताना बाप जे सांगे ते आम्ही लिहीत असू. खरे नाव कोणते हे विचारण्याइतकी सवड आम्ही घेतली नाही. त्याने प्रतिज्ञापत्र केले, राजपत्रात नाव छापविले, परंतु तोवर अर्जाची मुदत टळली. त्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही, निघताना उलट पाया पडला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. किती पटांवर किती नावे आपण अशी घातली असतील, याची मोजदाद आम्ही पडल्या पडल्या करीत होतो. गेल्या वर्षी त्याचे सर्व दाखले एका नावाचे झाले. घर मात्र अद्याप लागावयाचे आहे.

घर लागले म्हणजे सर्व झाले असेही नव्हे. विरार-बोळींज येथे म्हाडाने सुमारे १०,००० घरांचा प्रकल्प उभारला, परंतु पाण्याच्या अडचणीमुळे त्यांतील कित्येक घरे दीर्घकाळ ग्राहकाविना पडून राहिली आणि पुढे ती 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या तत्त्वाने विकावी लागली. वसई-विरारला आता सूर्या योजनेचे पाणी मिळते, तेही आपल्याच जिल्ह्यातील धामणीच्या धरणाचे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी जागेवर जावे, नळ सोडून पाहावा, स्थानकापर्यंत चालून पाहावे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावू लागली हे खरे, परंतु बोईसरच्या रातपाळीच्या कामगारास विरारचे घर कितपत सोयीचे, हा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा आहे. कर्जाच्या हप्त्याखेरीज दरमहा देखभालीचा खर्च असतो, हेही विसरू नये.

आता अखेरचा व आमच्या मते मुख्य मुद्दा. मंडळाच्या मागील सभेत अशी सूचना आली होती की, सोडतीच्या मागे न लागता आपण आपल्याच ज्ञातीपुरती गृहनिर्माण संस्था काढावी. सूचनेमागील कळकळ आम्हांस मान्य आहे. १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नाने गावदेवी येथे सारस्वत बांधवांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिने सबंध देशास धडा घालून दिला. परंतु त्या काळी मुंबईत परगावच्या माणसास ओळखीवाचून खोली मिळणे कठीण होते. आज तोच मार्ग आपण धरावा काय?

आमचा अनुभव सांगतो. सोडतीत राखीव गट असतात, परंतु कोणाचे दार कोणाच्या दारासमोर येणार हे कोणी ठरवीत नाही. आमच्या समोरचे बिऱ्हाड शुद्ध शाकाहारी. आमच्या घरी सुकट भाजली की त्यांची दारे-खिडक्या लागत, आणि आमच्या सौभाग्यवती मुद्दाम मोठ्या आवाजात पाटावरवंटा फिरवीत. असे सहा महिने चालले. मग एकदा उद्वाहन तीन दिवस बंद पडले. सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे, घर सहाव्या मजल्यावर. त्या तीन दिवसांत आमचे दूध व भाजी समोरच्या काकूंनी वर आणली, आम्ही न सांगता. तेव्हापासून सुकट भाजावयाची असली की सौभाग्यवती आधी कडी वाजवून सांगतात, "काकू, आज खिडकी लावून घ्या हो." भांडण मिटले असे नव्हे, त्यास रीत लागली. एका ज्ञातीच्या आळीत आमचा जन्म गेला, परंतु ही रीत आम्ही वयाच्या ६३ व्या वर्षी शिकलो.

तेव्हा मंडळास आमची नम्र विनंती एवढीच की, ज्ञातीची भिंत बांधण्याऐवजी ज्ञातीचे कागद नीट करावेत. प्रत्येक रविवारी दोन तास मंडळाच्या कचेरीत एक टेबल मांडावे. ज्यास अर्ज करावयाचा असेल त्याचे दाखले तेथे ताडून पाहावेत, नावातील चुका वेळेवर दुरुस्त करवून घ्याव्यात, आणि येणारा आपल्या ज्ञातीचा आहे की नाही हे विचारू नये. त्या टेबलाशी पहिल्या रविवारपासून आम्ही बसू. ज्या अक्षराने एकाचे घर अडविले, त्याच अक्षराने दोघा-चौघांचे अर्ज सुधारले गेले, तर आमच्या मास्तरकीचे थोडेफार ऋण फिटेल.