उजाड झालेल्या गावाची गोष्ट मुलांना कशी सांगावी?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)

 

ज्या कसबा पेठेत आज हा सोहळा संपन्न होत आहे, ती पेठ एकेकाळी ओसाड पडली होती, हे येथील किती मुलांना ठाऊक आहे? इ. स. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले. गावावरून गाढवांचा नांगर फिरविला गेला, पहार ठोकून तिला तुटकी वहाण व केरसुणी टांगण्यात आली, असे परंपरा सांगते. येथे पुन्हा वस्ती करू नये, असा त्याचा अर्थ होता. त्याच सुमारास, 1630 ते 1632 या काळात, दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळाने होरपळून निघाले. पुढे जिजामाता बाल शिवरायांसह येथे आल्या आणि सोन्याच्या फाळाने जमीन नांगरून गाव पुन्हा वसविले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. सोन्याचा नांगर मुलांच्या पाठ्यपुस्तकात येतो, चित्रात येतो. परंतु मधल्या काळात येथील माणसे कोठे गेली, काय खाऊन जगली, कोणाच्या ओसरीवर निजली, हे मात्र कोणी सांगत नाही. आजचा विषय त्या मधल्या काळाचा आहे.

मुलांना देशोधडीच्या, हालअपेष्टांच्या कथा द्याव्यात काय? यावर पालकांत दोन मते आढळतात. एक वर्ग म्हणतो, कोवळ्या मनावर दुःखाचे ओझे नको. हसरी, रंगीत पुस्तके द्या. दुसरा वर्ग म्हणतो, अवश्य द्या. आपल्यावर कोणी अन्याय केला ते कळू द्या, रक्त तापू द्या. पहिला मार्ग सत्य लपवितो, तर दुसरा वैर वारसाहक्काने पुढच्या पिढीच्या हाती देतो. जैन परंपरेने या दोहोंपेक्षा वेगळा मार्ग पूर्वीच दाखविला आहे. त्याचे नाव प्रतिक्रमण. प्रतिक्रमणात दोष झाकला जात नाही. तो एकेक करून उच्चारला जातो. आणि उच्चारल्यानंतर वैर सोडले जाते. क्षमापना म्हणजे विस्मरण नव्हे. मुलांसाठी लिहिलेल्या निर्वासनाच्या पुस्तकाची हीच कसोटी असावी.

चंदनबालेची कथा या कसोटीवर घासून पाहावी. कौशांबीच्या शतानिक राजाने चंपा नगरी लुटली. राजकन्या वसुमती अनाथ झाली आणि भर बाजारात विकली गेली. धनावह श्रेष्ठीने तिला कन्या मानून घरी आणले. परंतु त्याच्या पत्नीने, मूला सेठाणीने, संशयाने तिचे मुंडन करून, पायांत बेड्या घालून तळघरात कोंडले. तीन दिवसांच्या उपवासानंतर सुपातील उडदाचे बाकुळे हाती घेऊन ती उंबऱ्यावर उभी होती, तेव्हा पाच महिने पंचवीस दिवस अभिग्रहात असलेले भगवान महावीर तेथे आले. कथेचा हा भाग सर्वांना पाठ आहे. पुढचा भाग मुलांना क्वचित सांगितला जातो. ज्या राजाने तिची नगरी उद्ध्वस्त केली, त्याचीच राणी मृगावती पुढे आर्या चंदनेच्या साध्वीसंघात आली. एकदा उशिरा परतल्याबद्दल चंदनेने तिला बोल लावले. मृगावतीने पश्चात्तापपूर्वक क्षमा मागितली आणि तिला केवलज्ञान झाले. ते कळताच गुरुणीने शिष्येची क्षमा मागितली, आणि तिलाही केवलज्ञान प्राप्त झाले. चंपेची लूट, बाजार, बेड्या यांतील एकही गोष्ट कथाकारांनी गाळली नाही. तरीही कथा शत्रूच्या नावाने संपत नाही.

हे झाले पुराणकाळाचे. इतिहासातही असे उदाहरण आहे, आणि ते एका व्यापाऱ्याचे आहे. ‘नाटक समयसार’ या ग्रंथाचे कर्ते कविवर बनारसीदास यांनी 1641 साली ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे मानले, तर पंचावन्न वर्षांची कथा ही अर्धीच, म्हणून हे नाव. 1598 च्या सुमारास जौनपूरच्या नबाब किलीच खानाने तेथील जवाहिऱ्यांना पकडून फटके मारविले. सुटका होताच सारे जवाहिरे बायकामुलांसह परागंदा झाले. बनारसीदासांचे वडील खरगसेन भर पावसात कुटुंबासह शहजादपूरला पोहोचले. तेथे करमचंद नावाच्या वाण्याने त्यांना राहण्यास घर दिले आणि संसाराला लागणारे सामानही पुरविले. तेव्हा बनारसी जेमतेम बारा वर्षांचा होता. त्या परक्या गावात त्याने कवड्यांची खरेदी-विक्री सुरू केली आणि मिळालेली पहिली कमाई आजीच्या हाती ठेवली. आजीने त्या आनंदात मिठाई वाटली!

वही-खाते सांभाळणाऱ्या घरातील कोणत्या मुलाला ही गोष्ट आपली वाटणार नाही? परंतु याच ग्रंथातील आणखी एक प्रसंग अधिक मोलाचा आहे. 1605 साली अकबर बादशहा निवर्तल्याची वार्ता जौनपुरास आली, तेव्हा जिन्यावर बसलेले तरुण बनारसीदास भोवळ येऊन कोसळले आणि त्यांचे डोके फुटले. त्याच बादशहाच्या अधिकाऱ्याने या कुटुंबाला घराबाहेर काढले होते! नबाबाचा जुलूम त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविला, करमचंदाचे उपकार तितक्याच आपुलकीने नोंदविले, आणि बादशहाविषयीचा शोकही लपविला नाही. जमा जमेच्या बाजूला, नावे नावेच्या बाजूला. खरी चोपडी अशीच असते.

मराठीत किशोरांच्या हाती देण्याजोगी अशी पुस्तके आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. कर्ज, जप्ती, उपास यांतील काहीही त्यांनी मुलांपासून लपविले नाही. तरी वाचणाऱ्याच्या मनात सावकाराविषयीचा संताप नव्हे, तर आईविषयीची कृतज्ञता उरते. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राचा नायक तान्हा असतानाच आईसह पळविला गेला. बाळ एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळाले. आई कधीच मिळाली नाही. तोच मुलगा पुढे जमिनीला आणि माणसांना जीवदान देणारा शास्त्रज्ञ झाला. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मराठीतही वाचली जाते. दोन वर्षे अज्ञातवासात काढणाऱ्या त्या मुलीचे कागद मीप गीस या बाईने जपून ठेवले, म्हणून ते जगाला मिळाले. या पुस्तकांत घाव आहेत, आणि घावावर फुंकर घालणारा हातही आहे.

अशी पुस्तके परदेशातूनच यावीत असे मात्र नाही. कापडाच्या व्यापारात असलेल्या प्रत्येकाला कोल्हापूरजवळचे गांधीनगर ठाऊक आहे. तेथील घाऊक कापडबाजारात खरेदीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या जागेची कथा माहीत असेल? 1943 ते 1948 या काळात तेथे वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची छावणी होती. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरिया व कझाकस्तानात धाडलेली, तेथून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. पंचगंगेच्या परिसरात त्यांच्या शाळा भरल्या, बालवीर पथके उभी राहिली, नाटके झाली. ती माणसे गेली आणि त्याच बराकींत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे आली. त्यांनी हाती आलेल्या कापडाच्या ठाणावर आजचा बाजार उभा केला. त्या पोलिश मुलांनी वार्धक्यात, 2000 साली, आपल्या आठवणींचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या स्मृतीचा स्तंभ कोल्हापुरात उभा आहे तो महावीर उद्यानात. एकाच छपराखाली दोन देशोधडीला लागलेले समाज सावरले, ही कथा मराठी मुलांच्या घरोघरी पोहोचली पाहिजे.

आणि शेवटी पुन्हा कसबा. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, घरे कोसळली. अनेक कुटुंबे पेठ सोडून गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहतींत गेली. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. चिखलात भिजलेली कापडाची ठाणे कोणी वाळत घातली, कोणाच्या घरी पहिला घास मिळाला, कोणी उधारी मागितली नाही, हे त्यांना आठवते. आणखी दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी उरणार नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एक छोटे कार्य हाती घ्यावे, अशी नम्र सूचना आहे. पाठशाळेतील प्रत्येक मुलाने एका आजी-आजोबांकडे वही घेऊन बसावे आणि संकटाची एक खरी हकीकत लिहून आणावी. अट दोनच गोष्टींची असावी. जे घडले ते लपवू नये, आणि ज्याने दार उघडले त्याचे नाव विसरू नये. दार लावून घेणाऱ्याची करणी लिहावी. त्याच्याविषयीचे वैर मात्र लिहू नये. त्यांतील निवडक हकीकतींचे पुस्तक निघाल्यास ते मुलांनी मुलांसाठी केलेले ज्ञानदान ठरेल. आणि ज्या मुलाला कळते की आपली माणसे सर्वस्व गमावूनही पुन्हा उभी राहिली, त्याच्या मनातील भयही ओसरते. तेव्हा त्या ज्ञानदानात अभयदानही सामावलेले असेल.

बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.