पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर

पाळी बंद होऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त दिसलं, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून अंगावर काढू नका. रोवणीची घाई असली, तरी आधी दवाखाना गाठा.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग बहुधा पन्नाशीनंतर होतो आणि रक्तस्राव हीच त्याची मुख्य खूण. असा प्रत्येक रक्तस्राव कर्करोगाचा नसतो. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. पाळी सुरू असताना फार रक्त जाणं किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसणं, हेही डॉक्टरांना सांगा.

धोका कुणाला जास्त? लठ्ठपणा किंवा मधुमेह असलेल्या, पाळी उशिरा गेलेल्या, मूल न झालेल्या स्त्रियांना. शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होतं आणि ते अस्तर वाढवत राहतं. घरात गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगा.

गर्भाशयमुखाची पॅप तपासणी चांगली आली, म्हणून निश्चिंत राहू नका. अस्तराचा कर्करोग तिच्यात बऱ्याचदा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी होते आणि अस्तराचा तुकडा काढून तपासतात.

उपचारात सहसा गर्भाशय, बीजनलिका आणि बीजाशय काढतात. गरजेनुसार किरणोपचार, केमोथेरपी देतात. लवकर सापडला, तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

तपासणी-उपचारांसाठी गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आई, सासू, काकू यांना असा त्रास आहे का, हे आजच विचारा, आणि असेल तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.