वऱ्हाडातला अर्धा र

'वऱ्हाड' हा शब्द संगणकाची मोठी परीक्षा घेतो. त्यातला अर्धा र 'ह'च्या आधी आडवा बसला पाहिजे. तो रफार होऊन डोक्यावर चढला, की वऱ्हाडे आडनावाच्या मुलाच्या दाखल्यावर 'वर्हाडे' छापलेच म्हणून समजा!

लिब्रे ऑफिस ही २०१० सालापासूनची, फुकट व सर्वांना खुली आज्ञावली. नवी आवृत्ती निघण्याआधी तिची कच्ची प्रत विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हींसाठी मिळते. अमरावती-अकोल्याच्या गुरुजींनी ती घ्यावी (निकालपत्रकांच्या यंत्रावर मात्र नव्हे), हा शब्द लिहावा, छापावा, तीच फाइल दुसऱ्या जातीच्या यंत्रावर उघडावी. र बिघडला तर कोणते यंत्र, कोणता टंक, काय केल्यावर बिघडला, हे सारे कळवावे. नुसते 'चालत नाही ना बाप्पा' म्हटल्याने करणाऱ्याला काय उमगणार?