लहान कॉलेज की मोठे विद्यापीठ?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची रीघ लागते. प्रश्न बहुधा एकच असतो. "सर, पोराला इथल्याच कॉलेजात घालू की मुंबईला युनिव्हर्सिटीत पाठवू?" अध्यक्षांनी मला आज याच विषयावर बोलायला सांगितले आहे. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे, बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. परंतु दरवर्षी हा प्रश्न ऐकून आणि त्या त्या मुलांचे पुढे काय झाले ते पाहून माझे एक मत बनले आहे, ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉलेज आणि युनिव्हर्सिटी ही जणू दोन दुकाने आहेत, एकात हलका माल मिळतो आणि दुसऱ्यात भारी, असे आपण समजतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात करण्यास साठेक वर्षे गेली. 1919 साली पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झालेला समाजशास्त्राचा विभाग हा तिथल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी एक. ही वाटणी बव्हंशी आजही टिकून आहे. चिपळूणला किंवा महाडला बी. ए. झालेल्या मुलाच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचेच नाव असते, आणि मुंबईतल्या संलग्न कॉलेजातून बी. ए. झालेल्या मुलाच्याही. कलिन्याच्या आवारातले बहुतेक विभाग एम. ए., एम. एस्सी. आणि त्यापुढचे शिकवतात. म्हणजे बारावीनंतर "युनिव्हर्सिटीत घालतो" असे म्हणणारा बाप बहुतेक वेळा पोराला मुंबईच्या दुसऱ्या एका कॉलेजातच घालत असतो. फक्त खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च त्याच्या बोकांडी बसतो.

तेव्हा नावाचा प्रश्न बाजूला ठेवू. विचारायचे ते हे की मुलाला शिकवणार कोण, वाचायला काय मिळणार, आणि पैसे किती लागणार.

पैशाचे आधी सांगतो, कारण आपली माणसे तिथेच फसतात. "खासगी कॉलेज" हा शब्द फार फसवा आहे. आपल्या गावोगावची जुनी कॉलेजे खासगी संस्थांनीच काढलेली आहेत, पण त्यांपैकी बऱ्याच कॉलेजांतील प्राध्यापकांचा पगार सरकार देते. ती अनुदानित. तिथली फी गरिबालाही झेपते. दुसरी विनाअनुदानित, म्हणजे सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून त्यांची संख्या वाढत गेली. त्यांत चांगलीही आहेत. परंतु एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असू शकते, हे पुष्कळ पालकांना फी भरेपर्यंत ठाऊकच नसते. फॉर्म हातात घेतला की पहिला प्रश्न तोच विचारावा. "ही तुकडी अनुदानित आहे का?" यात लाजण्यासारखे काही नाही.

आमच्या शेजारच्या गावातील एका चाचांनी रस्त्यालगतची कलमांची बाग विकून मुलाला दूरच्या एका विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगला घातले. कॉलेजचे नाव मी घेणार नाही. काचेची इमारत, दारात फवारा, माहितीपुस्तक गुळगुळीत कागदावर छापलेले. मुलगा दुसऱ्या वर्षाला असताना यंत्रशाळेतल्या यंत्रांवर अजून प्लास्टिकची वेष्टने होती आणि एका विषयाला एका सत्रात तीन शिक्षक बदलले. मुलगा हुशार होता म्हणून निभावले. बाग मात्र गेली. त्या चाचांनी माहितीपुस्तकातल्या चित्रांऐवजी तिसऱ्या वर्षातल्या दोन मुलांना भेटून विचारले असते तर एस. टी.च्या तिकिटाएवढ्या खर्चात सगळे कळले असते. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते, ती आकारणी पाहता येते. त्यावर कोणी डोनेशन मागितले तर ते 1987 च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याविरुद्ध आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पक्की पावती घ्या. आणि हल्ली जी नवी खासगी विद्यापीठे निघाली आहेत त्यांपैकी एखाद्यात जायचे असेल तर त्याचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे की नाही ते आधी पाहा. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो.

आता शिकवण्याकडे वळू. मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात शिकलो. तिसऱ्या वर्षाला इतिहासाच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. एखादा दोन दिवस दिसला नाही तर प्राध्यापक त्याच्या गावच्या मुलाला विचारत. माझे इंग्रजी कच्चे होते. सर माझे निबंध घरी नेऊन तपासत, आणि लाल शाईने पान इतके भरून जाई की माझे अक्षर शोधावे लागे. दीडशे मुलांच्या वर्गात हे कोणी कोणासाठी करत नाही, करणे शक्यही नाही. ज्याच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, ज्याला "अटेंडन्स कमी पडली तर काय होते" हे सांगायला घरी मोठा भाऊ नाही, अशा मुलाला पहिली तीन वर्षे नावानिशी ओळखणारा प्राध्यापक भेटणे ही मोठी नियामत आहे. आपल्या समाजात अशी मुले पुष्कळ आहेत. सच्चर समितीने 2006 साली अहवाल दिला, त्यात 2001 च्या जनगणनेच्या आधारे म्हटले होते की, देशात वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे 7 टक्के होते आणि मुसलमानांत हे प्रमाण 4 टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, पण या सभागृहात ज्यांच्या आई-वडिलांपैकी कोणी पदवीधर आहे अशांनी हात वर करावेत म्हटले तर किती हात वर होतील, ते आपणच पाहा.

अर्थात लहान कॉलेजाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या ग्रंथालयाला साडेचार वाजता कुलूप लागे आणि किल्ली शिपायाच्या खिशात. विषय निवडायचे म्हणजे जे दोन-तीन असतील त्यांतूनच. स्पर्धा परीक्षा नावाची काही चीज असते हे मला बी. एड.ला शहरात गेल्यावर कळले. लहान तळ्यातल्या माशाला आपण फार मोठे आहोत असे वाटू लागते, हाही एक धोका असतो. पहिल्या वर्गात आलेली आमची मुले पुढे शहरात गेली आणि पहिल्या महिन्यातच गांगरून परत आली, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

विद्यापीठाचे खरे मोल इथेच कळते. पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालय ज्याने आतून पाहिले आहे त्याला मी काय म्हणतो ते पटेल. एकेका विषयावर भिंतभर पुस्तके, आणि शेजारच्या टेबलावर बसलेला मुलगा नांदेडचा, नाही तर मणिपूरचा. वसतिगृह असते, "कमवा आणि शिका" योजना असते. दोन-तीन तास काम करून खिशाचा खर्च भागवणारी मुले तिथे कमी नाहीत आणि त्यांना कोणी हिणवत नाही. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांची देणगी. मुंबईची गोष्ट थोडी निराळी. वसतिगृहाच्या जागा कमी, बाहेरच्या खोलीचे भाडे अंगावर येणारे. आपल्या काही गावांच्या जमातीच्या खोल्या मुंबईत आहेत, तिथे डोके टेकायला जागा मिळते. पण पंधरा नोकरदार माणसांत, एका दिव्याखाली, एम. एस्सी.चा अभ्यास होत नाही. जमातीच्या पुढाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या खोल्यांपैकी एखादी केवळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग उभे केले. राहायची सोय नसेल तर फी माफ करूनही गरिबाचा मुलगा टिकत नाही, हे त्या राजाने तेव्हा ओळखले होते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उदाहरण आपण सगळे देतो, पण त्यांच्या शिक्षणाचा क्रम क्वचितच कोणी नीट पाहतो. रामेश्वरमचा हा मुलगा आधी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाला. ते कॉलेज मद्रास विद्यापीठाला संलग्न होते, म्हणजे मद्रासला न राहता पदवी मद्रास विद्यापीठाची मिळाली. नंतर ते मद्रासला विमानविद्या शिकायला गेले. तिथल्या फीसाठी सुमारे हजार रुपये लागत होते. ते बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून उभे केले. काय शिकायचे हे पक्के कळले तेव्हा दागिना बाहेर निघाला, हे लक्षात घ्या.

म्हणून माझे मत असे आहे. सर्वसाधारण मुलाने पदवी जवळच्या, अनुदानित, बरे शिकवणाऱ्या कॉलेजात करावी, घरचा पैसा राखून ठेवावा, आणि एम. ए., एम. एस्सी.साठी विद्यापीठाच्या आवारात जावे. मायग्रेशन सर्टिफिकेट काढले की दुसऱ्या विद्यापीठातही जाता येते. ज्याला बारावीतच आपला विषय स्वच्छ दिसतो आणि जो एकट्याने राहू शकतो, त्याला मात्र अडवू नका. अलिगढ, जामिया, हैदराबाद ही केंद्रीय विद्यापीठे आहेत, फी माफक आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी 2022 पासून जी सामायिक परीक्षा घेतली जाते ती मराठीतून आणि उर्दूतूनही देता येते. हे ठाऊक नसल्यामुळे आपली मुले फॉर्मच भरत नाहीत.

आता मुलींविषयी. इथे मी थोडे स्पष्ट बोलणार आहे, बुजुर्गांनी राग मानू नये. मुलीच्या बाबतीत "लहान कॉलेज की विद्यापीठ" हा प्रश्न पुष्कळ घरांत नसतोच. प्रश्न असतो "कॉलेज की घर". अशा ठिकाणी जवळचे लहान कॉलेज हाच तिचा मार्ग असतो, आणि त्याला नावे ठेवणाऱ्याशी मी वाद घालीन. माझी एक विद्यार्थिनी रसायनशास्त्रात फार चांगली होती. वडील कुवेतला. मुंबईला पाठवायचे नाही, असा घरचा निर्णय फोनवर झाला. ती एस. टी.ने रोज जाऊन येऊन तालुक्याला बी. एस्सी. झाली. तीन वर्षांत घरच्यांनी तिचे निकाल पाहिले, तिचे जाणे-येणे पाहिले, प्राध्यापकांना भेटले. एम. एस्सी.च्या वेळी तिचे वडील रजा काढून आले आणि स्वतः तिची ट्रंक घेऊन विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात तिला सोडून गेले. पहिल्याच वर्षी हट्ट धरला असता तर तिला तालुक्यालाही पाठवले नसते, असे तीच मला म्हणाली.

पण याच गावात असेही घर आहे, जिथे साठ टक्केवाला मुलगा उसनवारी करून शहरात पाठवला आणि ब्याऐंशी टक्केवाली बहीण बारावीनंतर घरी बसवली. त्या घरात पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. मुलीच्या फीचे कारण तर आता फारसे उरलेले नाही. जुलै 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा, संस्थेच्या कोट्यातून नव्हे. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. दाखला मात्र वेळेवर काढलेला हवा. जून महिन्यात तहसील कचेरीत रांगेत उभे राहून तो मिळत नाही. अकरावीतच अर्ज टाका, वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची जुळवाजुळव त्याआधी करा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही कॉलेज पाहायला जाल तेव्हा समारंभाच्या दिवशी जाऊ नका. एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारी बारा वाजता जा. वर्गात शिक्षक आहेत का ते खिडकीतून दिसते. ग्रंथालयात पुस्तकांवर धूळ आहे का ते बोट फिरवून पाहा. नॅकचा दर्जा फलकावर लिहिलेला असतो तोही वाचा, पण फलक वाचून परत फिरू नका. गेल्या वर्षीची मुले पुढे कुठे गेली, असे प्राध्यापकांना विचारा. ज्या कॉलेजात या प्रश्नाला नावागावासकट उत्तर मिळते, ते कॉलेज एकमजली असले तरी चालेल.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी आणि माझे दोन सहकारी शाळेतच असतो. ज्यांना प्रवेशाचा फॉर्म, फीचा तक्ता किंवा दाखल्यांचे कागद वाचून घ्यायचे असतील त्यांनी यावे. येताना गुणपत्रिका आणावी, आणि मुलगा असो वा मुलगी, जिच्या किंवा ज्याच्या शिक्षणाविषयी बोलायचे आहे तिला किंवा त्याला बरोबर आणावे.